बारा थाळ्या

अमोलिक सर समोरच्या माणसाची बोटं हुंगायचे.

पहिल्या दिवशी मी बी.एस्सी.ची मार्कलिस्ट घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो, तर त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "हात दाखव," म्हणाले. मी तळहात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, नखं पाहिली आणि चक्क वाकून माझ्या उजव्या हाताची बोटं नाकाजवळ नेली. "शेंगदाण्याची चटणी. लसूण जास्त झालाय. हात धुतलेस, पण नुसत्या पाण्यानं." बोलताना त्यांच्या नाकपुड्या अशा आक्रसल्या, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बेसिन तिकडे आहे. दोनदा साबण लाव. मग कामाचं बोलू."

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची, नगरच्या एका कॉलेजातली. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात कॉलेजची काही शोभा नाही आणि माझी तर मुळीच नाही. मी तिथे रसायनशास्त्राच्या विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून चिकटलो. मनोहर याकोब अमोलिक हे तिथले लेक्चरर. चाळिशीचे, काटकुळे, सावळे. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या आणि खिशाला पेनाऐवजी पितळी चिमटा अडकवलेला. मूळचे श्रीरामपूरकडचे ख्रिस्ती. आजोबांनी धर्म बदललेला. त्याआधी घर गावकुसाबाहेर. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. कॉलेजातल्या शिपायापासून सगळ्यांनी पहिल्या आठवड्यातच आपण होऊन सांगितलं. असल्या माहितीचा पुरवठा आपल्याकडे अगदी वेळेवर होतो.

किळस हा सरांचा स्वभावच होता. उष्ट्या हातानं बाटली उघडलेली दिसली की ते तोंड फिरवत. कोणी बोट थुंकीत ओलं करून वहीचं पान उलटलं, की ती वही ते दोन दिवस हातात घेत नसत. आमचे विभागप्रमुख तोंडात सदैव पान ठेवून असत आणि प्रयोगशाळेच्या बेसिनमध्येच पिचकारी मारत. सर काही बोलत नसत. ते गेले, की सोडा टाकून स्वतः बेसिन घासत आणि घासता घासता म्हणत, "ज्याला थुंकी आवरत नाही, त्याला निष्कर्ष काय आवरणार?" विभागात त्यांना पाठीमागे 'सोवळेकरी बुवा' म्हणत. "कालपरवापर्यंत ह्यांची सावली चालत नव्हती, आता हे आपली बोटं हुंगतात," असं म्हणून मंडळी खिदळत. मीही त्या खिदळण्यात असे. नव्या माणसाला टोळीत शिरायचं असतं.

खरं म्हणजे ते सोवळं वगैरे काही नव्हतं. सरांचं सगळं काम मातीतल्या कार्बनचं होतं, आणि हाताचा घाम, तेल, तंबाखू, चटणी, सगळ्यांत कार्बन असतो. "मातीची मला कधी किळस आली नाही," ते म्हणायचे. "तिला लागणाऱ्या हातांची येते."

काम काय होतं ते त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण मला ते त्याच शब्दांत कळलं. "हवेतला कार्बन दोन वजनांचा असतो, दत्ता. एक हलका, एक किंचित जड. झाडं चोखंदळ. जड कार्बन ती होता होईतो नाकारतात. ज्वारी, बाजरी, ऊस, आपल्या माळावरचं कुसळी गवत, ही मंडळी तेवढं नाक मुरडत नाहीत. मेल्यावर दोघंही मातीतच जातात, पण कोणी किती जड खाल्लं होतं, त्याचा माग मातीत राहतो. खालची माती जुनी, वरची नवी. थराथराला विचारत गेलं, की बाई, तू कोणाला पोसलंस, तर ती सांगते." मी एकदा विद्यार्थ्यांना 'दोन जातींचा कार्बन' असं समजावत होतो. सर मागून आले आणि "वजनांचा," एवढंच म्हणून पुढे गेले.

त्यांना उत्तर हवं होतं एकाच प्रश्नाचं. शेवगाव-पाथर्डीकडचा उघडाबोडका माळ कायमचाच असा आहे, की तिथे कधी झाडांचं रान होतं? विभागप्रमुखांसकट सगळे शहाणे म्हणत, तिकडे कुसळाशिवाय कधी काही उगवलंच नाही. सरांना ते पटत नव्हतं. एकदा सांजवेळी बाटल्या पुसता पुसता म्हणाले, "माझ्या पणजोबांना गावानं जागा दिली ती माळावर. ही जमीनच मुळात निकामी आहे, असं सांगून दिली. माळ जन्मतःच निकामी असतो, की तो तसा करून ठेवलेला असतो, एवढंच मला बघायचंय." एवढं स्वतःबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

सात वर्षं ते योग्य जागा शोधत होते. काळ्या रानात खणून उपयोग नव्हता, कारण उन्हाळ्यात काळ्या मातीला हात हात भेगा पडतात, वरची माती त्यांत कोसळते आणि हजार वर्षांचा काला होतो. त्यांना हवा होता ओढ्याकाठचा गाळ, थरावर थर बसलेला आणि कोणी न हलवलेला. शिवाय दोन वजनं वेगळी मोजणारं यंत्र जवळपास कुठेच त्यांच्यासाठी मोकळं नव्हतं. परदेशातल्या एका प्राध्यापकाला ते दोन वर्षं पत्रं लिहीत राहिले. शेवटी उत्तर आलं: बारा नमुने पाठवा, बाराच, आणि एकदाच. ते पत्र सरांनी साबणानं हात धुऊन माझ्यापुढे धरलं. मलाही आधी हात धुवायला लावले.

मग दुष्काळ पडला. आमच्या गावाजवळ, शेवगावपासून चार कोसांवर, सरकारी कामावर पाझर तलाव खणायला घेतला. सुटीत घरी गेलो तेव्हा मी पाहिलं, ओढ्याची कड उभी कापली होती आणि तिच्यात भाकरीच्या चवडीसारखे थर दिसत होते. सरांना येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली परीक्षानळी खाली ठेवली. "एकावर एक? वाकडेतिकडे नाहीत?" "नाही सर." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं आम्ही निघालो. सरांच्या मांडीवर अॅल्युमिनियमच्या बारा नव्या थाळ्या होत्या, उकळत्या पाण्यातून काढून धुवट पंच्यात गुंडाळलेल्या. कंडक्टरनं विचारलं, "पंगत हाय का कुटं?" सर म्हणाले, "हो, मातीची."

त्या दिवशी मी सरांना काम करताना पाहिलं, आणि सांगतो, देवळात इतकं मन लावून बसलेला माणूस मी पाहिलेला नाही. दोन पुरुष खोल कापात ते उतरले. आधी उन्हात उघडी पडलेली माती सुरीनं वीतभर खरवडून फेकून दिली. मग सगळ्यांत खालच्या थरापासून सुरुवात केली, म्हणजे वरचा कण खाली पडायला नको. बारा नंबर आधी, मग अकरा, असं करत वर वर. कामावरच्या बाया घमेली टेकवून बघत उभ्या राहिल्या.

त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "आवं सायेब, आमी सकाळधरनं ढिगानं काढतोय, त्यातली न्या की. सुरीनं काय खरवडताय?"

"ती सगळी एक झालीय, मावशी. मला न मिसळलेली पाहिजे."

"आगं बया! न मिसळल्याली?" म्हातारी म्हणाली. "मानसंबी तशीच लागत्यात आमच्या गावाला."

सर खदखदून हसले. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मुकादम मात्र हसला नाही. तो आमच्या भावकीतला. साहेबांचं नाव-गाव काय, असं मला त्यानं बाजूला घेऊन विचारलं, आणि मी सांगितलं.

ओली माती त्याच दिवशी सावलीत पसरावी लागते, नाही तर बुरशी धरते. "तुझ्या घरी सावलीची जागा आहे?" सरांनी विचारलं. "आहे की सर, आमची पडवी," मी तोऱ्यात सांगून मोकळा झालो. घराच्या वळणावर आलो तेव्हा मला आठवलं, मी कोणाला कुठे घेऊन चाललो आहे. पण तोवर आई दारात उभी होती, आणि तिच्या तोंडावरूनच कळलं, की मुकादमाचा निरोप आमच्याआधी पोचला आहे.

घरात आई आणि मी दोघंच. वडील मागेच गेलेले. आई वाईट बाई नव्हती. भुकेल्याला ती परत पाठवत नसे. तिनं सरांना "या सायेब, टेका," म्हटलं आणि चहा आणला. मला काचेच्या कपात. सरांना वळचणीच्या कोनाड्यात गड्यांसाठी ठेवलेल्या कानतुटक्या कपात. मी मान खाली घालून माझा चहा प्यायलो. सर प्यायले, उठले, अंगणाच्या कडेला जाऊन आईला म्हणाले, "वरून थोडं पाणी घालता का?" तिनं घातलं. त्यांनी कप विसळला आणि पुन्हा त्याच कोनाड्यात पालथा घातला. त्यांना कोनाडा कोणी दाखवला नव्हता. कप कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्यांना पाहताक्षणी कळलं होतं. आई आत जाताना मला हळूच म्हणाली, "मानूस रीतीचा हाय." ती कौतुकानं म्हणाली.

सर मग पडवीत मांडी घालून बसले आणि दोन तास चिमट्यानं एकेका थाळीतली केसाएवढी मुळं वेचत राहिले. वरची ताजी मुळं खालच्या जुन्या मातीत उतरलेली असतात, ती राहिली तर सगळंच फसतं. माझ्याकडून एक तंतू निसटला तर म्हणाले, "वेच. खालची माती उपाशी असते, दत्ता. तिच्यात कार्बन नखाएवढा. बाहेरचं चिमूटभर पडलं, तरी ते तिच्यापेक्षा मोठ्यानं बोलतं." तीनची गाडी गाठायची होती म्हणून ते उठले. जाताना बजावून गेले: थाळ्या भिंतीलगत एका ओळीत, खोलीच्या क्रमानं लाव. कोंबड्या सांभाळ. तीन दिवसांनी बाटल्यांत भरून आण.

पडवीत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, त्यामुळे एका ओळीला जागा पुरेना. मी दोन रांगा केल्या. एक, तीन, पाच अशी विषम रांग दाराकडे; सम रांग आत भिंतीकडे, आणि बारा नंबर अगदी कोपऱ्यात कणगीच्या मागे. तेवढ्यात पाण्याचा टँकर आल्याची हाळी झाली. मी हंडे घेऊन पळालो. तासाभरानं भांडून-तंडून दोन हंडे पाणी घेऊन परत आलो, तर पडवी हिरवीगार, ओली, नुकतीच शेणानं सारवलेली. आई दारात उभी राहून पत्र्याच्या डब्यातून शेणकाल्याचा शेवटचा सडा आत मारत होती. थाळ्यांतल्या मातीवर काळे ओले ठिपके पडले होते.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं? इटाळ काढला. कोन कुटला मानूस, दोन घंटं बसला हुता पडवीत. आन् तुज्या मातीवरबी शिंपडलं बरं का. त्येंचाच हात लागल्याला समद्या मातीला. आता बिनघोर ठिव."

"अगं, त्यात शेण गेलं!"

"मंग? शेन वंगाळ अस्तं व्हय?"

गावात प्यायला पाणी नव्हतं. आई आठ दिवसांनी एकदा डोक्यावरून अंघोळ करत होती. पण विटाळ धुवायला डबाभर पाणी निघालं होतं. आणि आमची गाय त्या वर्षी काय खात होती? कडबा आणि कारखान्याकडून आलेलं उसाचं वाढं. ज्वारी आणि ऊस. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं. न कळायला मी काही अडाणी नव्हतो, बी.एस्सी. होतो. माझ्या आईनं, हजारो वर्षांपूर्वीच्या उपाशी मातीला आजची ज्वारी भरवली होती.

आता जे सांगतो ते सांगताना मला माझीच किळस येते, पण ते टाळून सरांबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. तो काप दोन मैलांवर तसाच उघडा होता. दुसऱ्या दिवशी सरांना तार करता आली असती. ते पुन्हा आले असते, पुन्हा सुरी घेऊन उतरले असते. पण मग कारण सांगावं लागलं असतं. ज्या माणसानं मुकाट्यानं कप पालथा घातला, त्याला सांगायचं, की तुम्ही उठल्यावर आम्ही तुमची जागा आणि तुमची माती धुऊन काढली? माझी जीभ रेटेना. हे मी त्यांच्या भावनेसाठी केलं, असं कितीतरी वर्षं मनाला सांगत आलो. खोटं आहे ते. मला आमच्या घराची अब्रू वाचवायची होती. मी चिमट्यानं दिसतील तेवढे शेणाचे कण वेचले, माती वाळवली, कुटली, चाळली आणि बाटल्यांत भरली.

नगरला सरांनी पहिलीच बाटली उघडून नाकाशी नेली आणि थांबले. "कसला तरी वास येतोय."

"मातीचाच असेल, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हात दाखव." मी दाखवले. स्वच्छ होते, त्या सकाळी मी तीनदा साबण लावला होता. त्यांनी बूच बसवलं. बाटल्यांतली माती आम्ही ॲसिडनं धुऊन तिच्यातला चुना काढला. चुना फसफसून गेला, शेण काही जात नाही. सरांनी पुड्या बांधल्या, मेण लावलं आणि स्वतः पोस्टात नेऊन दिल्या. पुढच्या पावसात तलाव भरला आणि काप पाण्याखाली गेला.

आठ महिन्यांनी पत्र आलं. सरांनी आलेखाच्या कागदावर बारा ठिपके काढले आणि दार लावून घेतलं. मला आत बोलावलं तेव्हा ते कागद उजेडाकडे धरून उभे होते. एक भरकटलेला ठिपका सोडला, तर बाकी सगळे ज्वारीकडे. त्यांत झाडाचं कुठे नावही नाही. पण त्यांना वाईट वाटत होतं ते त्याचं नव्हे. "हे बघ. एक, तीन, पाच, सात जड. दोन, चार, सहा, आठ त्यांच्यापेक्षा जरा हलके. माती एकआड एक थर अशी गवत-झाड, गवत-झाड करत नसते, दत्ता. थाळ्या कशा मांडल्या होत्यास?"

"तुम्ही सांगितल्या तशाच. एका ओळीत."

"वर काही सांडलं? पडलं?"

"नाही सर."

मी इतक्या सहज बोललो, की मलाच आश्चर्य वाटलं. सर कागदाकडे बघत राहिले. त्यांना माझ्यावर शंका घेणं सोपं होतं. त्यांनी यंत्रावर घेतली, मग स्वतःच्या सुरीवर घेतली आणि शेवटी स्वतःच्या सात वर्षांवर घेतली. महिनाभरानं विभागात सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "माळावर रान होतं हा माझा अंदाज होता. नमुन्यांत त्याला आधार सापडला नाही. अंदाज चुकला." एवढंच. कारणं नाहीत, सबबी नाहीत. असं सरळ बोलणारा माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता, आणि खोटं बोलून गेलेला मी मात्र तिथेच पहिल्या बाकावर बसलो होतो.

बाहेर पडताना विभागप्रमुखांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. तोंडातलं पान एका गालात सारलं आणि म्हणाले, "काय रे, शेवटी ज्वारीच निघाली ना? गावाबाहेरची माणसं गावाचा इतिहास सांगायला निघाली!" आणि मी हसलो. नुसता ओठांनी नाही, चांगला आवाज करून हसलो. सर चार पावलांवर बेसिन घासत होते.

पुढच्या जूनमध्ये त्यांनी कॉलेज सोडलं आणि श्रीरामपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला गेले. जाताना खिशाचा पितळी चिमटा काढून माझ्या हातावर ठेवला. "तुझे हात चांगले आहेत," म्हणाले. हे बक्षीस मी घेतलंसुद्धा.

मला वाटायचं, दिवस गेले की शिळं होईल. झालं नाही. सात-आठ वर्षांनी आई गेली. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी श्रीरामपूरची गाडी धरली. आईच्या जिवंतपणी बोललो असतो तर तिला दोष लागला असता, असं त्या गाडीत स्वतःला समजावत होतो. मी किती तऱ्हांनी स्वतःला फसवू शकतो, याचा अजून मला अंत लागलेला नाही.

सरांचं घर स्टेशनच्या पलीकडे, दोन खोल्यांचं. ते फार वाळले होते, खोकत होते. त्यानंतर वर्षभरात गेलेच. मला बघून त्यांना आनंद झाला. "मार्था, दत्ता आलाय," त्यांनी आत हाक दिली आणि सवयीनं म्हणाले, "हात दाखव." मी हात पुढे केले नाहीत.

"सर, थाळ्या दोन रांगांत होत्या," मी म्हणालो, आणि मग सगळंच सांगितलं. सडा, शेण, विटाळ, आईचे शब्द, तो वास, ती दोन उत्तरं. विभागप्रमुखांपाशी हसलो तेही सांगितलं. ऐकता ऐकता सरांच्या नाकपुड्या हळूहळू आक्रसत गेल्या.

"दाराकडे कोणती रांग होती?" त्यांनी विचारलं.

"विषम."

"आणि बारा नंबर?"

"कोपऱ्यात. कणगीच्या मागे. तिथवर सडा फारसा पोचला नसेल."

ते उठले. ट्रंकेतून एक फाईल काढली आणि तो आलेखाचा कागद माझ्यापुढे पसरला. घड्यांवर पिवळा पडला होता. बाराव्या ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं. तो बाकीच्यांपासून बराच दूर, झाडांच्या बाजूला झुकलेला होता. शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'चूक. विचारात घेऊ नये.'

"म्हणजे रान होतं, सर!" मी ओरडलोच. काय निर्लज्ज आनंद झाला मला.

"एका ठिपक्यावर रान उभं राहत नाही," सर म्हणाले. "आणखी अकरा पाहिजेत. ते तलावाखाली आहेत." त्यांनी कागदाची घडी घातली. "आईंना काय माहीत होतं? त्यांना जे शिकवलं ते त्यांनी केलं. दोष द्यायचाच तर तो फार लांब न्यावा लागेल. पण तुला माहीत होतं. कोणतं पाणी, कुठली गाय, गाईनं काय खाल्लं, इथपर्यंत माहीत होतं. माझा अंदाज चुकला म्हणून मी उभा राहून सांगितलं, तेव्हा तू ऐकत होतास." ते बराच वेळ खोकले. "मला किळस येते, दत्ता." आवाज चढला नव्हता. बेसिन घासताना बोलायचे तोच आवाज.

मार्थाबाई चहा घेऊन आल्या. तीन कप, तिन्ही एकसारखे, निळ्या काठाचे. आम्ही चहा घेतला. निघायचं म्हणून मी उठलो आणि कसा कोण जाणे, माझा रिकामा कप हातात घेऊन मोरीकडे वळलो. विसळून पालथा घालावा, असंच मनात होतं.

"राहू दे," सर म्हणाले. "आमच्याकडे ती रीत नाही."